नानांना शिकवलेली अंगाई

नाना डाव्या हातानं मारायचे. उजव्या हातात खडू असायचा, आणि खडूचा हात मारायला वापरायचा नाही असा त्यांचा नेम होता. शाळेत ते हिसाब, म्हणजे गणित शिकवायचे. घरी खडू नव्हता, तरी मार डाव्या हातानंच. शिसवी रूळ कायम काखेत. शाळेत जाताना, येताना, औरंगाबादच्या शहागंज बाजारात वांगी निवडतानासुद्धा. गल्लीतली पोरं त्यांना लांबून बघून गटार ओलांडून पलीकडं व्हायची. मास्तरची मुलगी म्हणून मला काही वेगळी वागणूक मिळावी असं वाटायचं, आणि ती मिळायचीही. दुसऱ्यांच्या पोरांना एका चुकीला एक, मला दोन. पहिला चुकीचा आणि दुसरा 'मास्तरची लेक असून चुकलीस' त्याचा. पोरांनी उत्तर स्वतःच्या मनानं लिहिलेलं त्यांना अजिबात खपायचं नाही, बरोबर असलं तरीही. "मास्तरनं शिकवलं तसंच लिहायचं," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आज या वयातही एखाद्या फॉर्मवर सही करताना ते कानात वाजतं.

घर शहागंजाच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या आणि पुढं फरशीचं अंगण, एवढंच. भिंतीपलीकडं हिमरूचं कापड विणणाऱ्याचा माग होता. त्याची खटखट सकाळी मायच्या भाकरीबरोबर सुरू व्हायची आणि दिवेलागणीला थांबायची. माय करमाडची, शेतकऱ्याची लेक. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. तिची भाकरी थापण्याची थपथप आणि पलीकडची खटखट एकमेकींत मिसळून जायची. माग मध्येच बंद पडला की मायचाही हात क्षणभर थांबायचा आणि ती भिंतीकडं बघायची. सकाळी ज्वारीची भाकरी आणि ठेचा, रात्री येसराची आमटी. भाजलेल्या येसराचा तो खमंग वास मला अजून कुठं भेटला तर मी भूक नसताना जेवते. नाना ताटावर बसले की घरात कुणी बोलायचं नाही. मीठ कमी असलं तर ते तसं सांगायचे नाहीत, ताटाच्या कडेवर बोटानं टकटक करायचे. माय हातातलं टाकून मीठ घेऊन उठायची. पाणी हवं असलं तरी टकटकच. पाण्याची कोणती आणि मिठाची कोणती, ते मायलाच कळायचं.

सोपान माझा धाकटा भाऊ. चार महिन्यांचा होऊन गेला. तो गेला तेव्हा नाना शाळेत वार्षिक परीक्षेवर होते. निरोप पाठवला होता, पण पेपर संपेपर्यंत ते हलले नाहीत. मामांनी आणि गल्लीतल्या माणसांनी लेकराला मातीत ठेवलं, आंघोळ करून सगळे परत आले, त्यानंतर नाना आले. रूळ कोपऱ्यात ठेवला, पाय धुतले आणि म्हणाले, "भाकरी वाढ." मायनं वाढली. त्यांनी ती पूर्ण खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाळणा कुणाला तरी देऊन टाकला, आणि त्यानंतर घरात सोपानचं नाव निघालं नाही. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. बापाचा द्वेष करणं पाप असतं हे मला पाठ होतं, पण त्या दिवसापासून मी तो केला, आणि मनापासून केला.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी अगदी लहान होते. तिच्याबद्दल मोठमोठी पुस्तकं निघाली आहेत. आमच्या घरात तिचा अर्थ एवढाच झाला की निजाम गेला आणि त्याच्यामागोमाग नानांची भाषा गेली. नाना बोलायचे मराठी, आमच्यासारखीच, पण शिकले सगळं उर्दूत. हिशेब उर्दूत मांडायचे, सही उर्दूत करायचे. शाळा हळूहळू मराठी झाल्या आणि एक दिवस हुकूम आला: मास्तरांनी मराठीची परीक्षा द्यावी. संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झाला, तर मास्तरकी जाऊन कारकुनी, आणि तीही सरकार पाठवील त्या गावी. नाना दोनदा बसले आणि दोनदा आपटले. व्याकरण निभावलं, निबंध निभावला, दोन्ही वेळा कवितेनं बुडवलं. ज्या माणसानं अर्ध्या औरंगाबादच्या पोरांना नापास केलं, त्याचं नाव नापासांच्या यादीत कचेरीच्या दारावर लागलं. ते बघायला त्यांचे जुने विद्यार्थी मुद्दाम सायकली काढून गेले होते, आणि खोटं कशाला बोलू, मैत्रिणीबरोबर मीही गेले होते.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी माझं लग्न ठरवलं. वैजापूरचं घर, कापसाचा व्यापार, मुलगा दिसायला बरा म्हणत होते. मी पाहिला नव्हता. माझी मॅट्रिक एका वर्षावर आली होती. वर्गात मराठीत पहिली मी असायची आणि मला पुढं शिकून शिक्षिका व्हायचं होतं. मी नानांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतला आणि डावा हात पुढं केला. पुढचे दोन दिवस मी उजव्या कुशीवर झोपू शकले नाही. मध्यस्थ मात्र बोलताना एक गोष्ट बोलून गेला होता, आणि ती मी दाराआडून नीट ऐकली. वैजापूरकरांना सरकारी मास्तरची मुलगी हवी होती. मास्तर पास झाले की आषाढाच्या आत बार उडवून देऊ. नाही झाले, तर मग पाहुणे दुसरीकडं बघतील. म्हणजे नाना पास, तर मी वैजापूरला. नाना नापास, तर मी मॅट्रिकला. इतकं सोपं गणित नानांनी मला आयुष्यात कधी घातलं नव्हतं.

आणि मग, परीक्षेला महिना उरला असताना, एका सकाळी त्यांनी पुस्तक माझ्यापुढं टाकलं. "कौसे," ते म्हणाले, "मला कविता शिकीव."

मी शिकवलं. कसं शिकवलं, ते सांगायला लाज वाटायला हवी, पण त्या वेळी मला नुसती मजा येत होती. खाण तशी माती. अंगणात सतरंजीवर नाना मांडी घालून बसायचे, मी उंबऱ्यावर. म्हणजे माझी जागा वीतभर उंच. रूळ मी आपल्या शेजारी ठेवून घेतला होता. मारायला नव्हे, नुसता त्यांना दिसावा म्हणून. ते अडखळले की मी त्यांचीच वाक्यं त्यांच्याच आवाजात म्हणायचे, "डोक्यात भुसा भरलाय का?" उपमा आणि रूपक यांतला फरक त्यांना सांगता आला नाही, तेव्हा मी तो त्यांना वीस वेळा लिहायला लावला. चेतनगुणोक्ती हा शब्द त्यांच्या जिभेवर बसेना. निर्जीव वस्तूला जिवंत माणसासारखं वागवायचं, एवढंच त्यात आहे. मी म्हटलं, "उभं राहून म्हणा." बावन्न वर्षांचा माणूस, अंगणात उभा राहून, हिमरूवाला दारातून बघत असताना, "चेतनगुणोक्ती, चेतनगुणोक्ती" म्हणत राहिला. चुलीपाशी माय होती. ती एकदाच म्हणाली, "पोरी, पुरं की." मी पुरं केलं नाही. नानांनी तक्रार केली नाही. शिकताना मार खायचा, अपमान गिळायचा, हे त्यांच्या लेखी शिक्षणच होतं; मी त्यांना चांगली मास्तरीण वाटत असणार.

परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा: पुस्तकातली विलापिका कोणती, तिच्यातलं काव्यसौंदर्य आणि आशय स्पष्ट करा. विलापिका म्हणजे मेलेल्या माणसासाठी केलेली शोकाची कविता, हे मी सांगताच नाना एकदम ताठ झाले. "म्हणजे मर्सिया!" ते म्हणाले. आमच्या घरी आलेला तो पहिला मराठी शब्द असावा ज्यानं नानांना आनंद झाला. दर मोहरमला ते आपल्या दोस्ताकडं, रहीमचाचांकडं मर्सिया ऐकायला जायचे आणि डोळे सुजवून परत यायचे. स्वतःच्या लेकरासाठी न रडलेला माणूस तिथं शेकडो वर्षांपूर्वी धारातीर्थी पडलेल्यांसाठी रडायचा, हेही मी माझ्या हिशेबात धरलं होतं. त्या दिवशी तेच मला शिकवायला लागले. "मर्सियाला तरतीब असती, कौसे. आधी सरापा, म्हणजे वीर दिसतो कसा, नखापासून शिखापर्यंत. मग रुखसत, घरच्यांचा निरोप घेतो. मग लढतो, पडतो. अन् शेवटी बैन, बायका रडत्यात ते. कोण मेलं ते पहिल्यापासून समद्यांना ठावं असतं. त्याशिवाय रडणार कुणासाठी?"

आणि मग त्यांनी पुस्तक चाळून विलापिका शोधली. पुस्तकात एक वीरकाव्य होतं. रणावर निघालेला तरुण, त्याचं रूप, त्याच्या आईचा निरोप, लढाई, मरण. सगळं त्यांच्या तरतीबीत चपखल बसलं. "ही बघ! ही विलापिका!" त्यांनी पानावर बोट आपटलं. खरी विलापिका चार पानं पुढं होती. ती जुनी आणि नावाजलेली कविता आहे, मराठी शाळेत गेलेल्या कुणालाही माहीत असेल. कवीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, या प्रकरणात त्यांना ओढायला नको. त्या कवितेत एक आई संध्याकाळशी बोलते. पाय न वाजवता ये, म्हणते. चिमणीला दुसऱ्या झाडावर जायला सांगते, वाऱ्याला म्हणते कडीला हात लावू नकोस. बाळाची झोप किती गाढ आहे ते सांगते, पापणीवर माशी बसली तरी तो हलत नाही. आईनं छातीशी मोगऱ्याच्या कळ्या बांधल्या आहेत आणि त्यांचा वास घरभर झाला आहे. शेवटी संध्याकाळच विचारते, हा उठणार कधी? आई उत्तर देत नाही. मरण हा शब्द कवितेत कुठंच नाही. आमच्या बाईंनी वर्गात नीट उलगडून सांगितलं होतं: कवी जे सांगत नाही त्यातच शोक आहे, बाळ गेलेलं आहे. नानांनी ती कविता एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि म्हणाले, "ही अंगाई. लेकरू निजलंय, आई म्हणती आवाज करू नगा. व्हय ना?"

माग खटखटत होता. माय चुलीवर वरण ढवळत होती. मला काही खोटं बोलायचं नव्हतं, नुसतं खरं सांगायचं नव्हतं. पण ते माझ्याकडं बघत राहिले, एखादं पोर मास्तरकडं बघतं तसं, आणि मला काहीतरी म्हणावंच लागलं.

"बरोबर," मी म्हटलं.

"अन् ती लढाईची, ती विलापिका?"

"बरोबर."

त्यानंतर जे झालं ते माझ्या गणितात नव्हतं. नानांना ती कविता आवडली. लढाईची नव्हे, अंगाई. ती ते पाठ करायला लागले. दाढी करताना, बंबात लाकडं सारताना, सायकलच्या चाकात हवा भरताना ते ती गुणगुणायचे, मर्सिया म्हणतात तशा लांब ओढलेल्या सुरात. ताटावर टकटक करायची थांबली. एकदा मीठ कमी होतं तर स्वतः उठून घेतलं. मायनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. एकदा शिकवणी संपल्यावर ते मला म्हणाले, "तुला येतंय शिकवाया." मला त्या शब्दांची केवढी भूक होती! आणि तरीही मी गप्प राहिले. रोज रात्री ठरवायचे की उद्या सांगू, आणि रोज सकाळी वैजापूर आठवायचं. पुन्हा वाटायचं, आता लेकराची गाणी सुचतात काय? तेव्हा भाकरी कशी गोड लागली होती? त्या अज्ञानात गुणगुणणाऱ्या माणसाकडं बघून मला कीव यायची नाही, सूड घेतल्याचं समाधान व्हायचं. हे मी आज लिहिते आहे, नातवंडं असलेली बाई. वाचणाऱ्यांनी माझ्याबद्दल काय समजायचं ते समजावं.

परीक्षेला दोन दिवस राहिले होते. रविवार होता. हिमरूवाला कुठं लग्नाला गेला होता, माग बंद होता, म्हणून घर नेहमीपेक्षा शांत होतं. माय भाकऱ्या करत होती. नाना चुलीपाशी जाऊन पाटावर बसले आणि तिला म्हणाले, "जरा ऐक गं. बघ जमतंय का मला." माझ्या देखत त्यांनी तिला कधी काही ऐकवलं नव्हतं, हुकूम सोडले तर. "लेकराची अंगाई हाय. लई न्यारी."

ते म्हणायला लागले. आवाज चांगला लागला होता. संध्याकाळ आली, चिमणी गेली, वारा दाराशी थांबला. मायचा हात थपथप चालू होता. माशी पापणीवर बसली तेव्हा तो हळू झाला. मोगऱ्याच्या कळ्या आल्या आणि तो थांबला. नाना शेवटापर्यंत म्हणत गेले. तव्यावरची भाकरी करपत होती, आणि मायनं उलथनं उचललं नाही.

"हे लेकरू निजल्यालं न्हाई," माय म्हणाली.

"काय?"

"निजल्यालं न्हाई ते. गेल्यालं हाय."

"तुला काय कळतंय कवितेतलं? भाकर करपली बघ."

"कवितेतलं न्हाई कळत. मोगऱ्याचं कळतंय." तिनं हात परातीत पुसले. "अंगावर पिणारं लेकरू गेलं तरी दूध थांबत न्हाई. दुधाला कुठं ठावं असतंय? मग मोगऱ्याच्या कळ्या छातीला बांधत्यात, आटावं म्हून. नटायला बाई तिथं फुलं बांधत न्हाई."

मी उंबऱ्यावर होते, माझ्या मांडीवर त्यांची वही होती.

"मलाबी शेजारच्या खालाबीनं आणून दिल्या व्हत्या," माय म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. पीठ संपत आलंय असं सांगावं तसं ती सांगत होती. "सोपान गेला तवा. चौथ्या दिशी तुमाला वास आला. तुमी म्हणलात, लेकराची माती वाळली न्हाई अन् ही फुलं लेती. पदर वढला अन् सगळ्या कळ्या गटारात टाकल्यात. वर दोन दिल्या."

मी तिथंच होते तेव्हा. मला सगळं आठवत होतं, तो वाससुद्धा. आणि मला हेही आठवलं की त्या एका वेळी नाना बरोबर आहेत असं मला वाटलं होतं. चौथ्या दिवशी फुलं! मीही मायकडं तिरस्कारानं पाहिलं होतं. मग तिच्या छातीत गाठी झाल्या, ताप भरला, दवाखान्यात नेऊन चिरा द्यावा लागला. पंधरा दिवस ती अंथरुणात होती आणि मी कुरकुरत भाकऱ्या थापत होते. नाना म्हणायचे, नाटकं. आमच्या बाईंनी मोगऱ्याचा अर्थ आईच्या मायेचा दरवळ असा सांगितला होता, मी वहीत तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला होता आणि त्या उत्तराला पैकीच्या पैकी मिळवले होते. घरातली सगळ्यात शहाणी मी, कवितेतलं सगळं कळणारी. चुलीपुढं बसलेल्या बाईच्या अंगावरून ती कविता गेली होती, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत घडूनही मला दिसलं नव्हतं.

"तवा सांगितलं का न्हाईस?" नाना म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाई. मारलं." मायनं करपलेली भाकरी उतरवली, स्वतःच्या ताटात ठेवली आणि दुसरी थापायला घेतली.

नानांनी माझ्याकडं मान वळवली.

"तुला ठावं व्हतं?"

"मोगऱ्याचं नव्हतं," मी म्हटलं.

"मोगऱ्याचं न्हाई इचारत म्या. लेकरू गेल्यालं हाय, हे ठावं व्हतं?"

"व्हय."

"मग बरोबर का म्हणलीस?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या घरात त्या सकाळी खोट्याला जागा उरली नव्हती. "मला वैजापूरला जायचं नाही," मी म्हटलं, आणि डावा हात येण्याची वाट बघत डोळे मिटून घेतले. तो आला नाही. डोळे उघडले तेव्हा नाना अंगणात जाऊन उभे होते, पाठमोरे.

त्या रात्री मी खरं उत्तर लिहून काढलं. विलापिका कोणती, तिच्यात संध्याकाळला माणूस कसं केलं आहे, मरणाचा उच्चार टाळून शोक कसा वाढवला आहे, आणि मोगऱ्याचा खरा अर्थ, मायनं सांगितलेला. दोन पानं झाली. आजवर लिहिलेल्या उत्तरांत ते सगळ्यात चांगलं होतं. सकाळी ते नानांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "नाना, हे बरोबर आहे." त्यांनी दोन्ही पानं उभ्यानं वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग घडी घालून खिशात ठेवली. मला वाटलं, खोट्यातून सुटले. वैजापूर तर वैजापूर, असंही वाटलं. तेवढं एक भलं त्या वेळी माझ्याकडून झालं.

परीक्षेच्या दिवशी ते रूळ न घेता गेले. संध्याकाळी आले, पाय धुतले, ताटावर बसले. मी विचारलं, "तो प्रश्न आला का?"

"आला."

"मग?"

"लढाईची विलापिका लिहिली. दुसरी अंगाई हाय म्हणून लिहिलं." त्यांनी भाकरी मोडली. "मास्तरनं शिकवलं तसंच लिहायचं असतंय."

माय त्यांच्याकडं बघत राहिली. मी तिथून उठून गेले. त्यांनी मला शिक्षा दिली की स्वतःला, की चार महिन्यांचं लेकरू मेलं हे स्वतःच्या हातानं कागदावर लिहिणं त्यांना झालंच नाही, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. ज्या दिवशी जे जास्त झोंबतं, त्या दिवशी मी ते खरं मानते.

पुढं मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले आणि निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं. ती कविता दर वर्षी असायचीच. दर वर्षी मोगऱ्याच्या ओळीवर आले की समोर वेण्या घातलेल्या पन्नास मुली पेन उघडून बसलेल्या असायच्या, आणि मी सांगायचे, 'लिहा, मोगरा हे मातेच्या वात्सल्याचं प्रतीक आहे.' पेपर तपासणाऱ्यांना तेवढंच हवं असतं, दुसरं लिहिलं तर गुण जातात, अशी मी मनाची समजूत घालायचे. मायनं जे सांगितलं ते मी एकाही वर्गात सांगितलं नाही. मी मुलींना मारलं मात्र कधी नाही. त्याचं श्रेय लोक माझ्या स्वभावाला देतात, तेव्हा मी गप्प बसते.

त्या परीक्षेचा निकाल लागला. नाना नापास. यावेळी बघायला मी गेले नाही. आठवड्यात वैजापूरहून निरोप आला की मुलीची पत्रिका पुन्हा दाखवली, जुळत नाही. मला आनंद झाला. तो आनंद खरा होता, त्याच्यावर आता पांघरूण घालण्यात अर्थ नाही. मी मागच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. मग सरकारी हुकूम आला: सोयगावच्या कचेरीत कारकून, सोमवारी हजर व्हावं. नाना एकटेच जाणार होते. मी आणि माय माझ्या शाळेसाठी इथंच राहणार, हे त्यांनीच ठरवलं. शाळेसाठी, असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले.

रविवारी ते वळकटी बांधत होते. मोगऱ्याच्या त्या सकाळपासून त्यांनी मला मारलं नव्हतं, रागावलेही नव्हते. हवं-नको तेवढं बोलायचे. दर दिवशी मला वाटायचं आज मारतील, आणि एकदा मारून टाकलं तर बरं, असं होऊन गेलं होतं. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"नाना, मारा मला."

त्यांनी वर पाहिलं.

"मारा. मी मुद्दाम केलं. तुमची मास्तरकी मी घालवली."

"मारायला मास्तर लागतो, कौसे," नाना म्हणाले. "म्या आता कारकून हाय."

आणि त्यांनी वळकटीच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, घट्ट ओढून धर म्हणाले. मी ओढून धरलं.